वामनमामांची पेन्सिल

वामनमामा ठोंबऱ्यांना हलणारं काहीही सहन होत नसे. मग ते मूल असो, नवरी असो, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडणारा पडदा असो. अशा माणसानं कर्जतला, तेही रुळांपासून हाकेच्या अंतरावर फोटो स्टुडिओ काढावा, याला काय म्हणायचं! घाट चढायच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. ती जोडली की मामांच्या स्टुडिओची फरशी थरथरायची, भिंतीवरच्या चौकटी किणकिणायच्या आणि तीन पायांवरचा त्यांचा लाकडी कॅमेरा शहारायचा. मामांना सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, पण त्यांनी कधी गाडीनं प्रवास केल्याचं मला आठवत नाही. वेळापत्रक त्यांना फक्त फोटो कधी काढायचा नाही हे ठरवायला लागायचं.

"थांबा हो, आता इंजान लागंल," ते म्हणायचे. छाती फुगवून बसलेलं गिऱ्हाईक पुन्हा सैल पडायचं. सगळं शांत झालं की मामा काळ्या कापडाखालून बाहेर यायचे, एक हात वर करायचे आणि मोजायचे, "श्वास रोखा. एक… दीड… दोन! सोडा."

हे 'दीड' कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"एक आन् दोनच्या मधीच मानूस हलतो गं," मामा म्हणाले. "तिथं कुनीतरी नजर ठेवाया नको?"

ते माझे सख्खे मामा नव्हेत. निम्म्या कर्जतचे ते मामा होते. जवळच्या खेड्यात घरची भातशेती होती, ती भावांवर सोपवून हे गावात येऊन बसले होते. अंगानं किरकोळ, आवाजानं दणदणीत. स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एकच कोट होता, तो कुठल्या तरी धिप्पाड माणसाच्या मापाचा. बारीक माणूस आला की मामा तो कोट मागून मुठीत गोळा करायचे आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावून टाकायचे. समोरून बघावं तर साहेब, मागून बघावं तर दोरीवरचं धुणं. आमच्या घरातल्या सगळ्या पुरुषांचे फोटो त्याच कोटात आहेत.

पण मामांचं खरं वैभव म्हणजे त्यांच्या कानावरची पेन्सिल. तिचं टोक सुईसारखं असायचं आणि दिवसातून चार वेळा ते पॉलिशपेपरवर घासलं जायचं. मामांची निगेटिव्ह चांगली पोस्टकार्डाएवढी मोठी. ती ते उजेडासमोर तिरकी धरायचे आणि पेन्सिलीनं तिच्यावर काम करत बसायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथं स्वच्छ, पारदर्शक रेघ म्हणून दिसते. ती रेघ पेन्सिलीनं हलक्या हातानं भरली की छापलेल्या फोटोत सुरकुती गायब. पुटकुळ्या, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं मामा भरून टाकायचे. कुणी सांगो न सांगो.

"मानूस आला तसाच माघारी पाठवायचा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "थोडा बरा करून पाठवायचा."

त्यांच्या या चांगुलपणाचा प्रसाद मला मिळाला होता. माझ्या हनुवटीवर विळ्याचा एक वण आहे, लहानपणीचा. लग्नासाठी फोटो काढला तेव्हा मामांनी तो साफ केला. पाहुणे बघायला आले. मुलाची आई एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्या हनुवटीकडे बघत राहिली आणि चहा संपायच्या आत म्हणाली, "फोटोत तर हे नव्हतं." झालं! मी तणतणत स्टुडिओत गेले. मामा शांतपणे म्हणाले, "वाचलीस बग. येवढ्याशा वणाला भ्याली ती, तुझ्या तोंडाला कशी टिकली असती?" यावर काय बोलणार, कपाळ!

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मी चौकच्या पुढे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका कंपनीत नोकरीला होते. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. आमच्याकडे काँप्युटरला वीज पुरवणारे डबे तयार व्हायचे. पूर्ण काँप्युटर आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, पण त्याच्या पोटातलं हे एक आतडं आम्हाला तोंडपाठ होतं. हिरव्या बोर्डावर भोकं, भोकांत सुट्या भागांचे पाय, आणि प्रत्येक पाय खालून सोल्डरिंगनं पक्का करायचा. बायका त्याला टाका म्हणायच्या. माझं काम भिंगातून टाके तपासायचं. म्हणून मामा मला 'भिंगवाली' म्हणायचे.

कंपनीनं आमचे ओळखपत्रांचे फोटो मामांकडूनच काढून घेतले होते. मामांनी सगळ्यांना असं काही गुळगुळीत करून पाठवलं की गेटवरचा वॉचमन आठवडाभर हैराण. विमलच्या डाव्या भुवईवर सोल्डरिंगचा थेंब उडून भाजल्याची खूण होती. कार्डावर भुवई अखंड. वॉचमन म्हणाला, "ही तुमची बहीण काय?" विमल म्हणाली, "नाय ओ, मीच हाय. मामांनी सासरी पाठवायला काढलाय."

ही विमल खालापूरजवळच्या एका बौद्धवाडीतली. आधी ती आईबरोबर वीटभट्टीवर जायची. कंपनीत लागली आणि सहा महिन्यांत तिचा टाका असा बसू लागला की नव्या पोरींना मी तिच्या शेजारी बसवायची. थेंब गोल, चकचकीत, पायाला सगळीकडून धरलेला. प्रत्येक बाईनं आपल्या बोर्डाच्या कोपऱ्यात रंगाचा एक ठिपका द्यायचा अशी पद्धत होती, म्हणजे कुणाचं काम कुठलं ते कळे. विमलचा ठिपका हिरवा, आणि ट्रान्सफॉर्मरचे बोर्ड अवघड म्हणून ते तिच्याकडेच यायचे.

एके दिवशी मुंबईच्या गिऱ्हाइकाकडून सहा डबे परत आले. मध्येच बंद पडतात, टपली मारली की सुरू होतात. सहाही डबे उघडले. सहाही बोर्डांवर हिरवा ठिपका.

ज्यांनी हा डबा आखला ते इंजिनिअर बंगलोरला. त्यांनी पत्र पाठवलं की ट्रान्सफॉर्मरच्या पायांच्या टाक्यांचे अगदी जवळून, मोठे करून फोटो पाठवा. टाका मळकट, दाणेदार दिसला तर तो कच्चा. मी भिंगातून पाहिलं होतं. पायाभोवती मला केसासारखी एक गोल रेघ दिसल्यासारखी वाटली, पण बोर्ड जरा तिरका केला की चकाकीत ती हरवून जायची. मॅनेजरसाहेबांना दाखवली. ते म्हणाले, "उजेडाचा भास आहे." मुंबईहून फोटोग्राफर आणायचा तर पंधरा दिवस लागणार होते. मी म्हटलं, आमच्या कर्जतला एक आहेत. भाताच्या किडीचे फोटो काढून त्यांनी एका शेतकी अधिकाऱ्याला थक्क केलं होतं. किडीच्या पायावरचे केस मोजता येत होते.

मामांना बोर्ड दाखवला तर लहान मुलासारखे खूश. त्यांनी भिंग उलटं बसवलं, कॅमेरा आणि भिंगाच्या मध्ये दुधाच्या पावडरीचा आतून काळा रंगवलेला डबा अडकवला, खिडकीला ट्रेसिंग पेपर लावला म्हणजे चकाकी मऊ होईल. मग कापडात शिरले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

"अगं भिंगवाले," आतून आवाज आला, "हितं तर अख्खं गाव हाय गं! रस्ते काय, टाक्या काय! आन् मानूस एक नाय. सगळी लावनीला गेल्यात वाटतं."

मग त्यांनी बोर्डाला दम दिला. "हलू नको हां बाय. एक… दीड… दोन!"

चार दिवसांनी फोटो आले. एकेक टाका ताटलीएवढा. अंगावर काटा यावा इतके सुंदर. चकचकीत, गोल, आणि पायाभोवती रेघबीघ काही नाही. मी मनात म्हटलं, चला, आपल्याच डोळ्यांना भास झाला होता. आणि विमलला सांगितलं, "घाबरू नकोस, तुझे टाके आरशासारखे आहेत."

बंगलोरचं उत्तर आलं ते भलतंच. बाहेरून टाका इतका चांगला, कुठे तडा नाही, आणि तरी डबा बंद पडतो, म्हणजे आत पाय धरलेलाच नाही. पाय नीट तापवलेला नाही. चूक हाताची. मॅनेजरसाहेबांनी शनिवारी विमलला बोलावून सांगितलं की सोमवारी येऊन हिशेब घेऊन जा.

विमल रडली नाही. आपलं ओळखपत्र बघत बसली. "आता परत विटा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "बाय, माझा हात खरंच वाईट हाय का गं? तू रोज बघतेस ना?" रोज बघणारी मीच, आणि मलाच खात्री नव्हती. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

त्याच दुपारी निगेटिव्ह आणायला मी मामांकडे गेले. गेल्या गेल्या सगळं सांगितलं. मामा हळहळले.

"फोटू तर झ्याक झाले व्हते गं. सायबांना आवाडले नायत का?"

"आवडले ना. म्हणून तर तिची नोकरी गेली."

"म्हंजे?"

"कुठे तडा नाही, मग चूक तिचीच, असं म्हणतात."

मामा पेन्सिल घासत होते, ते थांबले. "तडा व्हता की," ते म्हणाले. "पायाच्या भवती गोल, बारीक. सहाच्या सहांना. मी भरून काढला. कंपनीचा माल बंगलोरला जानार, वंगाळ कशाला दिसाया पायजे?"

मी काय वाटेल ते बोलले. वडिलांच्या वयाच्या माणसाला बोलू नये ते सगळं बोलले. माझ्या हनुवटीपासून सुरुवात केली आणि विमलच्या वीटभट्टीपर्यंत आले. मामांचा चेहरा असा उतरला की मीच गप्प झाले.

"पेन्सिल धुता येते," ते म्हणाले. "चाकूनं खरवडलेलं मातर परत येत नाय."

सहांपैकी दोन निगेटिव्हवर, चकाकीचा डाग मारायला, त्यांनी चाकूही चालवला होता. त्या गेल्या. राहिलेल्या चार त्यांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसायला घेतल्या. आयुष्यभर ज्या हातानं डाग भरले, तोच हात आता भरलेलं पुसत होता, आणि तो थरथरत होता. हलणाऱ्या गोष्टींचा राग असलेल्या मामांचा हात हलताना मी पहिल्यांदा पाहिला.

काळोख्या खोलीत तांबड्या दिव्याखाली त्यांनी कागद ट्रेमध्ये सोडला. आधी राखाडी ढग आला, मग टाक्याचा गोल आला, मग त्याची चकाकी. आणि सगळ्यात शेवटी, पायाभोवती, बांगडीसारखी गोल काळी रेघ. मी भिंगातून पाहिलेलीच.

"आली गं," मामा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. कुणाला ते कळलं नाही. मी रडत होते.

सोमवारी सकाळी मामा माझ्याबरोबर एसटीत बसले. मांडीवर कॅमेरा, पायाशी दुधाचा डबा. साहेबांना भेटायचं म्हणून त्यांनी स्टुडिओतला कोट चढवला होता. मॅनेजरसाहेबांच्या खोलीत शिरल्यावर माझ्या लक्षात आलं, मागे चारही चिमटे तसेच. सांगायला वेळ नव्हता. विमल कोपऱ्यात उभी होती, हातात ओळखपत्र.

"चूक माजी हाय," मामा उभ्याउभ्याच म्हणाले. "या बायची नाय. तडा मी पेन्सिलीनं भरला व्हता." आणि त्यांनी चार नवे फोटो टेबलावर ठेवले.

साहेब भडकले. ते चुकीचंही नव्हतं. "आधी तडा पुसला म्हणता, आता हा पेन्सिलीनं काढला नसेल कशावरून? तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"नका ठेवू," मामा म्हणाले. "फोटूवर नका, माज्यावर नका. बोर्ड आना. तुमच्याच डोळ्यांनी बगा."

कँटीनच्या खिडकीत मामांनी कॅमेरा मांडला. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला की टेबल हलायचं आणि मामा कळवळायचे. त्यांनी कॅमेऱ्याच्या पायांखाली दोन ओली पोती घातली. मग साहेबांना काळ्या कापडाखाली घेतलं. आता आत साहेब, बाहेर मामांची चिमटे लावलेली पाठ, आणि जेवण सोडून जमलेल्या तीस बायका. कुणी हसलं नाही, यावरून काय ते समजा.

"दुधी काचंवर बगा. उलटं दिसंल, बिचकू नका. ट्रक जाऊ द्या. आता श्वास रोखा. एक… दीड…"

"हो," कापडातून साहेबांचा आवाज आला. "रेघ आहे."

मामा बोर्डाकडे बघत होते. ट्रक गेला तेव्हा त्यांना काहीतरी दिसलं होतं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या बोथट टोकानं ट्रान्सफॉर्मरला, त्या पाव किलोच्या लोखंडी गठ्ठ्याला, अगदी हळूच ढकललं.

"अरे!" साहेब आतून ओरडले. "उघडली! रेघ उघडली!"

मामांनी पेन्सिल मागे घेतली.

"मिटली!"

"ह्यो जड गडी हलतोय साहेब," मामा म्हणाले. "याला वरनं कुनी धरलेलंच नाय. सगळा भार पोरीच्या टाक्यावर. हितनं टेंपोत घालता, मुंबईपातूर हा हलत जातो. हलल्यावर काय ऱ्हातं? टाका चांगला म्हनून तर येवढा तग धरला."

आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं कापडाखाली जाऊन ती रेघ उघडताना आणि मिटताना पाहिली. विमल सगळ्यात शेवटी गेली. बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा तिनं ओळखपत्र पुन्हा पदराला लावलं. साहेबांनी लाव म्हणायची वाट तिनं पाहिली नाही, आणि साहेबांनीही तिला अडवलं नाही. नंतर बंगलोरला फोटो गेले, तिथून पत्र आलं, आणि ट्रान्सफॉर्मरला वरून एक पट्टी आणि दोन स्क्रू आले. पुढे डबे परत आले नाहीत.

त्या दिवशी विमल मामांना गेटपर्यंत सोडायला आली. मामा मान खाली घालून म्हणाले, "माफ कर गं बाय."

"केलं," विमल म्हणाली. "पन माज्या लग्नाचा फोटू काढाल तवा ती पेन्सिल घरी ठिवा." मग तिनं मागून त्यांच्या कोटाचे चिमटे एकेक करून काढले आणि त्यांच्या हातात दिले. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "सायबांनी पायले का गं?" त्यांनी एवढंच विचारलं.

तेव्हापासून मामांनी एक नवी सवय लावून घेतली. पेन्सिल कानावरून गेली नाही, पण फोटो काढून झाला की ते प्रत्येकाला विचारायचे, "डाग ठेवू का काढू?" बहुतेक जण काढा म्हणायचे आणि मामा आनंदानं काढायचे. एक म्हातारी आपल्या देवीच्या वणांवर हात फिरवून म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे बाबा, म्हाताऱ्यानं वळखाया नको व्हय वर गेल्यावर?" ते सांगताना मामा पोट धरून हसायचे. दोनेक वर्षांनी विमल लाईनची प्रमुख झाली, तेव्हा तिनं नवं ओळखपत्र मागितलं. त्यावर तिची भाजलेली भुवई जशीच्या तशी आहे. माझाही लग्नासाठी दाखवायचा दुसरा फोटो मामांनीच काढला, वणासकट. तो बघून जे आले त्यांच्याच घरी मी नांदतेय.

लग्नानंतर कर्जत सोडायच्या आदल्या सकाळी मी मामांचा निरोप घ्यायला गेले. ते दारातच होते. स्टुडिओच्या काचेत नेहमीच्या नवऱ्या आणि बाळं होती, आणि बरोबर मध्ये त्या टाक्याचा भलामोठा फोटो, काळ्या गोल रेघेसकट. बाजाराला आलेल्या दोन बायका काचेसमोर थांबल्या होत्या.

"मामा, ही कुठली इहीर ओ?" एकीनं विचारलं.

"इहीर नाय गं. आमच्या विमलचा फोटू हाय."

ती काचेला नाक लावून शोधत राहिली. "मंग तिचं तोंड कुठाय?"

"तोंड कशाला पायजे?" मामा म्हणाले. "हात दिसतोय की."

मी काही बोलणार तेवढ्यात स्टेशनातून इंजिनांची शिट्टी आली. मामांनी हात वर केला, थांबा म्हणाले. फरशी थरथरली, काचेतल्या चौकटी किणकिणायला लागल्या. नवऱ्या हलल्या, बाळं हलली. मामांनी पुढे होऊन फक्त त्या एका फोटोच्या चौकटीवर तळहात टेकला, आणि गाडी घाटाकडे निघून जाईपर्यंत तो काढला नाही.